दंतवैद्यांच्या कोटातल्या तीन गाठी

या घराने पुष्कळ काही पाहिलं होतं. भाऊ भावाशी दोन वर्षं बोलला नव्हता आणि तरी दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून काम करत होते. एकीचं लग्न ठरून मोडलं होतं, एकाचं मोडायचं ठरून टिकलं होतं. त्या सगळ्याला घर पुरून उरलं. पण दुकानातून बाहेर गेलेल्या कपड्यात गाठ सापडली, असं गेल्या साठ वर्षांत एकदाही झालं नव्हतं. म्हणून त्या रविवारी सकाळी शटर खाली होतं आणि शिवणाच्या लांब टेबलाभोवती सहाच्या सहा जणं चेहरे पाडून बसली होती. टेबलावर दंतवैद्यांचा कोट होता.

दुकान बाबांनी उभं केलं, तेव्हाच नियम घालून दिला. फाटलेलं रफू करा, अस्तर बदला, बाही आखूड करा, काय वाटेल ते करा. पण दोरा संपला की त्याचं टोक कापडातच विणून जिरवायचं. गाठ मारायची नाही. "गाठ मारतो तो घाईत असतो," असं बाबा म्हणायचे. काम तपासायला ते चष्मा लावत नसत. कपडा उलटा करून अस्तर गालावरून फिरवत, आणि गालाला जरा काही टोचलं की कपडा परत टेबलावर. बाबांच्या मागे दुकान थोरल्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर तो गालही आला.

दंतवैद्य काल संध्याकाळी येऊन गेले. माणूस सभ्य, आवाज हळू. त्यांनी कोट काउंटरवर उलटा पसरला, खालच्या कडेपाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे हल्ली गाठी मारतात का हो?" त्यांना तक्रार करायची नव्हती, नुसतं कुतूहल होतं. पण थोरल्याच्या कुणी तोंडात मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. तो रात्री जेवला नाही.

"एक नाही, दोन नाही, तीन," थोरला आता म्हणाला. "शेजारी शेजारी. वाटाण्याएवढ्या."

"मोहरीएवढ्या," धाकटा भाऊ म्हणाला. तो इस्त्रीवर असायचा. "वाटाण्याएवढ्या असत्या तर माझ्या इस्त्रीखाली कळल्या असत्या."

"तू इस्त्री करताना खिडकीबाहेर बघत असतोस."

"कुणीतरी बघायला नको का? या घरात बाकी सगळ्यांच्या माना खालीच."

"अस्तर कुणी लावलं होतं?" वहिनीने मध्येच विचारलं. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. सभेचा अध्यक्ष थोरला असला तरी सभा चालवायची ती.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. अस्तर सूनबाईने लावलं होतं. ती आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आली, त्याआधी तयार कपड्यांच्या कारखान्यात कोट शिवायची. तिथे गाठ मारतात, मारावीच लागते, तासाला इतके नग निघायचे तर दोरा जिरवत कोण बसणार? म्हणजे चोर आधीच ठरला होता, आता फक्त त्याने कबूल व्हायचं होतं.

"मी नाही मारल्या," सूनबाई म्हणाली.

"मुद्दाम मारल्यास असं कुठे म्हणतंय कुणी?" वहिनीचा आवाज गोड झाला. तिचा आवाज गोड झाला की धाकटा खुर्ची मागे घ्यायचा. "सवय असते. हात आपोआप जातो."

"हात माझाच आहे ना, आई? कुठे गेला ते मला कळेल ना."

सूनबाईचा नवरा, म्हणजे वहिनीचा मुलगा, एकदा आईकडे बघत होता, एकदा बायकोकडे. बिचाऱ्याचं तळ्यात-मळ्यात चालू होतं. शेवटी त्याने कोटाकडे बघायचं ठरवलं.

आत्या टेबलाच्या टोकाला, खिडकीच्या बाजूला बसली होती. ती थोरल्याची पाठची बहीण. दुकानातलं सगळं बारीक रफू तिच्या हातचं. दुकान खाली आणि घर वर, आणि मध्ये जिन्याच्या वळणावर एक खोली, ती तिची. तीस-पस्तीस वर्षं ती तिथे एकटी राहत होती आणि, लोकांना खरं वाटत नसे, पण मजेत होती. ती एक शब्दही बोलली नव्हती. कालपासून बोलली नव्हती. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, ते तिला आता पोटात कळत होतं.

कारण गाठी तिच्या होत्या.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना बाबा कामाला बाहेरगावी निघाले, तेव्हा तिने त्यांच्या बाहीच्या आत गुपचूप एक गाठ मारली आणि मनात म्हणाली, लवकर या. बाबा दोन दिवस आधी आले. तेव्हापासून सुरू झालं ते सुरूच राहिलं. पुस्तक नाही, गुरू नाही, मंत्र नाही. प्रवासाला निळा दोरा, रागाला तपकिरी, झोपेला पांढरा. का, तर तिला तसं वाटलं म्हणून. अस्तर आणि कापड यांच्या मधोमध गाठ मारायची आणि साधं एक वाक्य म्हणायचं: याचा खोकला जाऊ दे. हिला हसू येऊ दे. लागू पडलं तर ठीक, नाही पडलं तर वीतभर दोरा गेला. एकदा धाकट्याच्या परीक्षेसाठी तिने "सुटू दे बिचारा" म्हणून गाठ मारली, तर त्याला ताप येऊन परीक्षाच चुकली. तेव्हापासून मागणं नीट शब्दांत मागायचं, एवढी एक शिस्त तिने लावून घेतली. आणि दुसरी ही, की कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गाठ सैल होते.

खरं कारण तिला ठाऊक होतं. या घरात ताट, टेबल, कात्री, आजारपण, सगळं सगळ्यांचं होतं. एवढंच तिचं एकटीचं होतं. ते उघड्यावर मांडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"उद्यापासून सूनबाई काउंटरवर बसेल," थोरल्याने निकाल दिला. "चिठ्ठ्या लिहील, कपडे घेईल, देईल. टेबलावर नको."

"किती दिवस?" सूनबाईने विचारलं.

"बघू."

या घरात 'बघू' म्हणजे कायमचं. आत्याचं रफू सोडून दुसरं काही शिकायचं राहिलं, ते असंच एका 'बघू'त. सूनबाई रविवार असूनही बोटात अंगुस्तान घालून आली होती. सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी, ती कारखान्यातून येताना बरोबर आणलेली. तिने ती काढली आणि टेबलावर ठेवली. रडली नाही, भांडली नाही. फक्त ते उघडं पडलेलं बोट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं. आत्याला ते बघवलं नाही.

"दादा, गाठी माझ्या आहेत," ती म्हणाली.

थोरला हसला. "तू कशाला मध्ये पडतेस? हात दाखवून अवलक्षण. तुझ्या हातून गाठ? कोण विश्वास ठेवणार आहे?"

"चूक नाही झाली. मी मारल्यात. अस्तर लागून तुझा गाल फिरवून झाल्यावर कडेचे चार टाके उसवून आत मारल्या आणि परत शिवलं. तिने केलेलं काम स्वच्छ होतं, मी बघितलंय."

"पण का?"

आता आलीच वेळ. आत्याने एक श्वास घेतला. "दंतवैद्य कोट टाकायला आले, तेव्हा म्हणाले, हात हल्ली जरा हलतो. मला वाईट वाटलं. म्हणून हात स्थिर राहावा म्हणून मारल्या. मी मारते अशा. लहानपणापासून."

मग धाकट्याच्या पोटातून हसू वर आलं आणि थांबेना.

"चेटूक!" तो म्हणाला. "अरे, आपल्या घरात चेटकीण आहे आणि आपण वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या गोळ्या आणतोय!"

"हसतोस काय?" वहिनी उठून उभी राहिली. "गिऱ्हाइकाच्या कोटात करणी! उद्या गावभर झालं तर कोण पायरी चढेल?"

"करणी नाही, वहिनी. कुणाचं वाईट कधी मागितलं नाही."

"आणि कधी गुण आला?" थोरल्याने विचारलं. तो चिडायचाही विसरला होता.

"कधी येतो. कधी नाही."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ," धाकटा म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचं हसू थांबलं. "ताई, मंगळवारी माझी दाढ काढायची आहे. त्यांच्याचकडे. मंगळवारपर्यंत त्या गाठींना कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

मुलगा हसला. थोरलाही हसणार होता. हसली नाही ती सूनबाई.

"काल रात्री मी जिन्यात बसले होते, आत्या," ती म्हणाली. "तुमच्या दारासमोर. तुम्ही दिवा लावला, मला बघितलं आणि दार लोटून घेतलंत."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भ्याले," आत्या म्हणाली. "माझं गुपित जाईल म्हणून भ्याले, आणि तुझं काम जाऊ देत होते. चुकलं माझं."

आत्याच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द या टेबलावर कुणी ऐकला नव्हता. तसा तो कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. सूनबाईने थोडा वेळ तिच्याकडे रोखून बघितलं. मग अंगुस्तान उचलून परत बोटात घातलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि आत्यालाही तेच बरं वाटलं. माफी एका दिवसात आली तर ती कच्ची असते.

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाली. तिचा मोहरा आता वळला होता. "आमच्याही कपड्यांत आहेत का?"

"आहेत."

"कुणाच्या?"

"माझ्याकडे ज्यांचे कपडे येतात त्यांच्या."

मग काय विचारता! वहिनी तरातरा वर गेली. खुंटीवरचं, कपाटातलं, धुवायला टाकलेलं, हाताला लागेल ते घेऊन खाली आली. सासू आणि सून, ज्या दहा मिनिटांपूर्वी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, त्या शेजारी शेजारी बसून कडा चाचपू लागल्या. "इथे एक!" "ही बघा, पांढरी!" धाकट्याच्या हिवाळी कोटात सहा निघाल्या, तेव्हा तो बक्षीस मिळाल्यासारखा खूश झाला. मुलाच्या पँटच्या पट्टीत दोन निळ्या निघाल्या. सूनबाईच्या स्वेटरच्या मनगटाशी एक पिवळी होती, आठ महिन्यांपूर्वीची, ती घरात आली त्या आठवड्यातली. ती कशासाठी, असं सूनबाईने विचारलं नाही. तिने बाही खाली ओढून घेतली.

थोरला आपलं जुनं जाकीट उचलून खिडकीपाशी गेला. सगळ्यांकडे पाठ करून त्याने अस्तर गालावरून फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. शहरभरच्या लोकांचे कपडे त्याने गालाने तपासले होते, पण स्वतःच्या अंगातला कपडा कोण तपासतो?

"पाच आहेत," तो म्हणाला. "कधीपासून?"

"बाबा गेले, त्या महिन्यापासून."

"कशासाठी?"

"ते सांगायचं नसतं."

थोरला जाकीट हातात घेऊन तसाच उभा राहिला. बाबा गेले त्या महिन्यात त्याला दुकान विकून टाकावंसं वाटलं होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने घसा खाकरला. "गिऱ्हाइकाच्या कपड्यात गाठ नको," तो म्हणाला. "बाबांचा शब्द आहे. घरातल्यांचं... घरातल्यांचं तुझं तू बघ."

"दोरा नुसता विणून जिरवला आणि वाक्य म्हटलं, तर चालेल का ते बघते," आत्या म्हणाली.

"असं चालतं का?" मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नियम माझेच आहेत. मी म्हटलं तर चालेल."

सगळे हसले. सभा मोडली असंच सगळ्यांना वाटलं. पण वहिनी अजून बसलीच होती. तिच्यासमोर तिचे स्वतःचे कपडे होते, आणि ती तिसऱ्यांदा एकेक कड चाचपत होती.

"माझ्यात एकही नाही," ती म्हणाली.

आत्या गडबडली. "तू कधी माझ्याकडे दिलेच नाहीस कपडे. तुझं तूच शिवतेस."

"हो. खरंय." वहिनीने कपड्यांची घडी घातली. रोज घालायची तशीच नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. "नाही, मी सहज म्हटलं."

इतक्या वर्षांत ती सहज असं काही म्हणाली नव्हती. ती वर निघून गेली आणि टेबलावरचं हसू तिच्यामागे विरून गेलं.

दुपारी आत्या खोलीत दोऱ्यांचा डबा आवरत बसली होती. गुपित गेलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं. उलट अंगावरून ओझं उतरावं तसं हलकं वाटत होतं, याचंच तिला नवल वाटत होतं. तेवढ्यात दार न वाजवता वहिनी आत आली. तिने आपला करडा कोट पलंगावर ठेवला.

"बाहेरून दिसायला नको," ती म्हणाली आणि वर गेली.

आत्याने कोट मांडीवर घेतला. चार टाके उसवले. दोरा ओवला, पांढरा. गाठ घेतली आणि म्हणाली, वहिनीचे गुडघे बरे राहू देत. ओढायला गेली तर गाठ सुळकन सुटली. तिने दुसरी घेतली. वहिनीच्या मुलाचा संसार नीट होऊ दे. तीही सुटली. आत्याला मनातून खजील वाटलं. या दोन्ही गोष्टी तिने अंदाजाने मागितल्या होत्या. वहिनीच्या पावलांवरून तिचा राग तिला कळायचा, कप ठेवल्याच्या आवाजावरून डोकेदुखी कळायची. पण या बाईला हवंय काय, ते तिला कळत नव्हतं, कारण ते जाणून घ्यावंसं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिने सुई कोटात टोचून ठेवली आणि वर गेली.

वहिनी स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"वहिनी, तुला काय हवंय?"

"म्हणजे?"

"गाठीला सांगावं लागतं. नाहीतर बसत नाही."

"ह्यांचा रक्तदाब जरा..."

"दादाचं झालंय. तुझं सांग."

"मुलाचं..."

"त्याचंही झालंय."

वहिनीने नळ बंद केला. हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले. "हसाल तुम्ही, वन्सं."

"नाही हसणार."

"मला एकदा घराबाहेर पडायचंय," वहिनी म्हणाली. "कुठे चाललीस, कधी येशील, येताना काय आणशील, असं कुणी न विचारता. बस, एवढंच. कुठे जायचंय असंही नाही."

आत्या हसली नाही. तिला एकदम भरून आलं. आपल्याला जिन्याच्या वळणावर एक खोली मिळाली, दार लावता येईल अशी. हिला या घरात दारच नव्हतं.

"मग आत्ताच जा," ती म्हणाली.

"आत्ता? चार वाजता ह्यांचा चहा असतो."

"चहा मी करते."

"आणि गाठ?"

"ती मी एकटी असले तरच बसते. तू घरात असलीस की माझा हात बावचळतो. तू गेल्याशिवाय व्हायची नाही."

वहिनीने तिच्याकडे नीट बघितलं. मग पहिल्यांदाच दोघींना एकाच वेळी हसू फुटलं. वहिनीने पर्स घेतली, पायात बूट चढवले. आत्याबरोबर जिना उतरताना तिचा हात सवयीने कोटासाठी खोलीकडे वळला.

"कोट राहू दे," आत्या म्हणाली. "ऊन आहे."

"पण वन्सं, मी जाऊ कुठे?"

"मला विचारू नकोस. आणि आल्यावर सांगूही नकोस."

दार लागल्याचा आवाज आला. आत्या पलंगावर बसली, कोट मांडीवर घेतला आणि निळा दोरा ओवला. तेवढ्यात वरून थोरल्याची हाक आली.

"कोण गेलं गं बाहेर? ही गेली का? कुठे गेली?"

"मला काय माहीत!" आत्या ओरडून म्हणाली, आणि तिने गाठ ओढून घट्ट केली.